वर्तन आणि अभ्यास एकाच कागदावर: प्राथमिक शाळेत दोन्ही मदती एकत्र कशा द्यायच्या

चौथीतला एक मुलगा गणिताच्या तासाला रोज पाणी प्यायला जातो. येताना कुणाची तरी टोपी उडवतो, भांडण होतं, बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. मुख्याध्यापकांच्या वहीत त्याचं नाव 'खोड्या करतो' या शेऱ्यासह आहे. वर्गशिक्षिकेच्या उपचारात्मक अध्यापनाच्या यादीतही त्याचं नाव आहे, तिथे शेरा आहे 'हातच्याची वजाबाकी येत नाही'. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण शेजारी ठेवून त्या कुणी वाचलेल्या नाहीत. वाचल्या तर दिसेल की त्याला तहान लागते ती फळ्यावर भागाकार आला की.

अमेरिकेतल्या शाळांत वर्तनाची मदत आणि अभ्यासाची मदत अशा दोन वेगवेगळ्या त्रिस्तरीय पद्धती आधी वाढल्या आणि पुढे त्या एका चौकटीत आणल्या गेल्या. मांडणी साधी आहे: सगळ्या वर्गाला नीट अध्यापन आणि ठरलेली शिस्त, काही मुलांना लहान गटात जादा मदत, अगदी मोजक्यांना स्वतंत्र योजना. तिकडे या कामाला समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ असतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चार शिक्षक, शंभर-सव्वाशे पट आणि माहितीचे तक्ते भरायची घाई असते. म्हणून खालची पद्धत वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना स्वतःच्या बळावर चालवता येईल अशी बेतली आहे. तिसरी ते पाचवी डोळ्यांसमोर ठेवली आहे. पुढे मुलाच्या रोजच्या गुणांचं एक कार्ड येईल; सहावीच्या पुढे त्याचं स्वरूप बदलावं लागतं.

पहिलं काम: दोन याद्यांची एक यादी

शाळा जूनमध्ये उघडली की पहिल्या तीन आठवड्यांत हे उरकावं. एका मोठ्या कागदावर पटावरची सगळी नावं घ्या आणि पुढे चार रकाने आखा: वाचन, गणित, गैरहजेरी, वर्तननोंदी.

वाचनासाठी त्या इयत्तेच्या पातळीचा, मुलांनी आधी न पाहिलेला साधारण शंभर शब्दांचा उतारा घ्या. एक मिनिट वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग दोन प्रश्न विचारून अर्थ कळला का ते पाहा. मुलानं चुकून लगेच स्वतःच सुधारलेला शब्द बरोबर धरा. 'पाणी'चं 'पानी', 'शाळा'चं 'साळा' हा घरच्या बोलीचा उच्चार आहे, ती वाचनाची चूक नव्हे. हे न पाळल्यामुळे चांगलं वाचणारी कितीतरी मुलं खालच्या स्तरात टाकली जातात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. चौथीत आलेलं मूल ४० च्या खाली असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा.

गणितात अंकओळख, बिनहातच्याची वजाबाकी, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार अशा चढत्या क्रमानं प्रत्येकी दोन उदाहरणं द्या आणि मूल जिथे अडेल तिथे थांबा. वाचन-गणित मिळून एका मुलाला सात मिनिटं लागतात. तीस मुलांचा वर्ग असेल तर रोज सहा मुलं घेतल्यास आठवड्यात पुरा होतो. सगळ्यांची एकाच दिवशी चाचणी घ्यायला जाऊ नका. बाकीचा वर्ग रिकामा राहतो आणि त्या दिवशीच्या वर्तननोंदी निकामी होतात.

महिन्यातल्या साधारण २२ कामाच्या दिवसांत तीन किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेल्या मुलालाही खूण. दोन आठवड्यांत तीन किंवा जास्त वर्तननोंदी असलेल्याला खूण. ज्यांच्या नावापुढे दोन खुणा असतील, त्यांचा विचार आधी.

या यादीत एक भोक हमखास राहतं. गप्प बसणारी मुलं वर्तनाच्या रकान्यात येतच नाहीत. वही उघडून, पेन्सिल हातात धरून, चाळीस मिनिटं काहीच न लिहिणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची नोंद होत नाही. तेव्हा प्रत्येक शिक्षकानं या आठवड्यात एकदाही तोंड न उघडलेल्या दोन मुलांची नावं मुद्दाम यादीत घालावीत.

दुसरं भोक स्थलांतराचं. ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलकडे परततात. त्यांचे जूनचे आकडे तेव्हा शिळे झालेले असतात. मूल ज्या दिवशी परत येईल त्या आठवड्यात त्याची नव्यानं चाचणी घ्या. एवढ्या खंडानंतर पहिले पंधरा दिवस त्याचं वागणं बिथरलेलं असणं स्वाभाविक आहे; त्यावरून शिक्का मारू नये.

वर्तननोंद कशी लिहायची

'उद्धट बोलला' ही नोंद काहीच सांगत नाही. 'वही जमिनीवर टाकली आणि नाही करणार म्हणाला' ही नोंद कामाची. फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहा. एका नोंदीत पाच गोष्टी हव्यात: वेळ, विषय, त्या क्षणी काय काम दिलं होतं, मुलानं काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. टेबलावर आखलेला कागद असेल तर वीस सेकंदांत लिहून होतं.

यातला तिसरा आणि पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि नेमके तेच रिकामे राहतात. 'गणित' एवढं लिहून भागत नाही. तोंडी पाढे चालू होते, की फळ्यावरची दहा उदाहरणं उतरवून सोडवायची होती? मूल एकात रमतं आणि दुसऱ्यात उठून जातं, हे या रकान्यातूनच कळतं.

समजा दोन आठवड्यांत त्या चौथीतल्या मुलाच्या ११ नोंदी झाल्या. त्यातल्या ८ गणिताच्या तासाच्या, त्या आठांपैकी ७ लेखी उदाहरणं सोडवताना, आणि ७ पैकी ६ वेळा शेवट 'बाहेर उभं केलं' असा. आता चित्र स्पष्ट आहे. त्याला जे काम टाळायचं होतं ते प्रत्येक वेळी टळलं. आपण दिलेली शिक्षा त्याच्या दृष्टीनं सुटका ठरली, म्हणून ते वागणं टिकलं. अशा मुलाला जितक्या वेळा बाहेर काढाल तितकी त्याची वजाबाकी मागे पडेल, आणि वजाबाकी जितकी मागे पडेल तितका तो बाहेर जायला बघेल.

नोंदी वेगळं बोलत असतील तर उपायही वेगळा. नोंदी सगळ्या विषयांत विखुरलेल्या आणि प्रत्येकीचा शेवट 'वर्ग हसला' असा असेल, तर मुलाला लक्ष हवं आहे. त्याला तासाच्या सुरुवातीलाच वह्या वाटण्यासारखं काम देऊन लक्ष द्यावं. नोंदी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासात दाटलेल्या असतील, तर सकाळी काय खाऊन आलास, असं आधी विचारा. शेतावर लवकर जाणाऱ्या घरांतली मुलं पोषण आहाराची घंटा होईपर्यंत उपाशी असू शकतात. आणि मूल कोरकू, पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरातलं असेल, तर 'सांगितलेलं ऐकत नाही' या नोंदीचा अर्थ 'सांगितलेलं कळलं नाही' असाही असू शकतो. तीच सूचना कृती करून दाखवून द्या आणि फरक पडतो का बघा.

येत नाही, की करत नाही?

हा प्रश्न अंदाजानं सोडवू नका, दोन दिवसांत पडताळता येतो. पहिल्या दिवशी एका बाजूला बसवून एकाच प्रकारच्या वीस वजाबाक्यांचा कागद द्या आणि दोन मिनिटं मोजा. समजा ४ बरोबर आल्या. दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या वीस द्या आणि सांगा, "काल ४ आल्या. आज त्याहून जास्त आल्या तर मधल्या सुट्टीची घंटा तू वाजवायची." ४ वरून ८-९ झाल्या, तर येतंय पण मन लागत नाही. पुन्हा ४ किंवा ५ च आल्या, तर येतच नाही; मग कितीही समज द्या, बक्षीस दाखवा, उपयोग नाही, शिकवावंच लागेल. बहुतेक वेळा उत्तर मधलं येतं, आणि म्हणूनच दोन्ही मदती जोडून द्याव्या लागतात.

आधी सगळा वर्ग

अर्ध्या वर्गाच्या नावापुढे खुणा असतील तर वैयक्तिक योजना आखत बसू नका. अडचण वर्गाच्या घडीत आहे.

नियम तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत, आणि ते धड्यासारखे शिकवायचे. मधल्या सुट्टीनंतर वर्गात यायची रीत घ्या: हात धुतले, जागेवर बसलो, पाटी काढली, फळ्यावरचं पहिलं काम सुरू केलं. शिक्षकानं सांगायचं, एका मुलाकडून करून दाखवायचं, मग सगळ्यांकडून सराव. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन दिवस. भिंतीवर तक्ता लावला म्हणजे नियम शिकवला असं होत नाही.

दुसरी गोष्ट पाटी. एकानं उत्तर द्यायचं आणि एकोणतीसांनी बघत बसायचं, या पद्धतीत वर्ग बिघडायला भरपूर वेळ मिळतो. प्रश्न विचारा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, "दाखवा" म्हटलं की सगळ्या पाट्या वर. दहा मिनिटांत प्रत्येक मुलाला आठ-दहा वेळा उत्तर द्यावं लागतं, आणि कोण अडलंय ते तुम्हाला त्याच क्षणी कळतं. इतक्या स्वस्तात वर्तन आणि अभ्यास दोन्ही सुधारणारं दुसरं साधन आम्हाला माहीत नाही.

कौतुकही नेमकं हवं. 'शाब्बास' पेक्षा 'घंटा झाल्याबरोबर वही उघडलीस' हे जास्त लागू पडतं. एका रागावण्यामागे निदान चार वेळा असं कौतुक झालं पाहिजे. संशय आला तर खिशात चिंचोके ठेवा आणि प्रत्येक कौतुकाला एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाका. दिवसाअखेर मोजले की कळतं.

लहान गट आणि रोजचं कार्ड, दोन्ही मिळून

खुणा असलेल्या चार-पाच मुलांचा गट करा. आठवड्यातून चार दिवस, रोज ३० मिनिटं, सहा आठवडे. म्हणजे २४ बैठका, १२ तास. गटात त्रास देणारी दोनपेक्षा जास्त मुलं नकोत. सगळी एकत्र आली की ती एकमेकांकडूनच शिकतात.

बैठकीची वाटणी अशी: ५ मिनिटं हमखास येणारं काम, १० मिनिटं नवं, १० मिनिटं सराव, शेवटची ५ मिनिटं तेच कौशल्य खेळातून. हातच्याची वजाबाकी असेल तर तुरकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवा. ४२ मधून १७ काढताना गठ्ठा सोडायला लावा. हाताला समजलं की मग कागदावर. नव्याचा वाटा फार झाला की बैठकीतच पळापळ सुरू होते. दहा उदाहरणांत सात-आठ तरी येणारी असावीत.

हा गट खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला घेऊ नका. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला शाळेत टिकवून धरणारे तास तेवढेच असतात. परिपाठानंतरचा पहिला अर्धा तास तिसरी ते पाचवीची सगळी मुलं इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार वाटली, तर कुणालाच वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. दोनशिक्षकी शाळेतही हे जमतं: एक शिक्षक मोठा गट घेऊन गोष्टवाचन करतो, दुसरा अडलेल्यांना घेतो.

आता कार्ड. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. दिवसाचे पाच भाग करा, प्रत्येक भागाला तीन ओळी, प्रत्येक ओळीला ०, १ किंवा २ गुण. एकूण ३०. त्या चौथीतल्या मुलाच्या तीन ओळी अशा: 'सांगितल्यावर एका मिनिटात वही उघडली', 'अडलं तेव्हा पिवळा पुठ्ठा दाखवला', 'रेघेपर्यंतचं काम पूर्ण केलं'. पहिली ओळ वर्तनाची, तिसरी अभ्यासाची आणि मधली दोन्हींची. सगळ्या ओळी 'गप्प बसला', 'मारामारी केली नाही' अशाच असल्या, तर मूल शांत बसायला शिकेल, भागाकार शिकणार नाही.

रेघ म्हणजे अशी: वर्गाला दहा उदाहरणं दिली तर त्याच्या वहीत चौथ्या उदाहरणाखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची. त्या चारांत तीन त्याला येणारी, एक नवं. दर आठवड्याला रेघ एक उदाहरण खाली सरकते.

पिवळा पुठ्ठा म्हणजे 'मदत हवी'. पाणी प्यायला जाण्याची जागा त्यानं घ्यायची आहे. त्यासाठी पहिल्या आठवड्यात तो दिसल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत शिक्षक पोचलाच पाहिजे. पुठ्ठा दाखवूनही पाच मिनिटं कुणी आलं नाही, तर मूल जुन्या, खात्रीच्या उपायाकडे परत जातं. ही योजना बहुतेक शाळांत इथेच मोडते. मूल मदत मागायला आळशी म्हणून नाही, उत्तर उशिरा आलं म्हणून.

सकाळी परिपाठाआधी दोन मिनिटं कार्ड देताना बोला: आज कुठला तास जड जाईल, अडलं तर काय करशील. शाळा सुटताना पुन्हा दोन मिनिटं, गुण मोजा. पहिले चार दिवस लक्ष्य न सांगता नुसते गुण भरा. सरासरी १४ आली तर लक्ष्य १७ ठेवा, लगेच २४ नको. लक्ष्य ठरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाचांपैकी चार दिवस ते गाठता आलं पाहिजे. मग हळूहळू २४ पर्यंत, म्हणजे ८० टक्क्यांपर्यंत न्या. मिळालेला गुण कधीही परत घ्यायचा नाही. सकाळी दोन गुण कापले गेले की मुलाचा उरलेला दिवस हातातून जातो.

बक्षीस खाऊचं नको. घंटा वाजवणं, परिपाठात सुविचार सांगणं, झाडांना पाणी घालणं, मित्राबरोबर दहा मिनिटं कॅरम: यातलं काय हवं ते मुलालाच निवडू द्या.

घरी काय सांगायचं

कमी गुणांचं कार्ड पाहून घरी मार बसणार असेल तर कार्ड घरी पाठवूच नका. आधी आईला किंवा आजीला भेटून समजावा: हे प्रगतिपुस्तक नाही, कमी गुण दिसले तरी रागवायचं नाही. घरात वाचणारं कुणी नसेल तर अंकांऐवजी रंगवलेले गोल चालतात. पहिली भेट तक्रारीची ठेवू नका. "ताई, आज त्यानं तीन उदाहरणं स्वतः सोडवली, तुम्हाला करून दाखवणार आहे, पाच मिनिटं बसाल का?" असा निरोप गेला की पुढच्या वेळी ताई आपणहून शाळेत येतात.

पंधरवड्याची बैठक

दर दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर ४० मिनिटं. सहा मुलं, प्रत्येकी सहा मिनिटं, जास्त नाही. प्रत्येकासाठी आलेखाचा एकच कागद: एका रेषेत कार्डाची आठवड्याची सरासरी, दुसरीत दोन मिनिटांतल्या बरोबर वजाबाक्या किंवा मिनिटाला वाचलेले शब्द. अपेक्षित वाटचाल आधीच पेन्सिलीनं आखून ठेवा. उदाहरणार्थ, २८ शब्दांवरून आठ आठवड्यांत ४० वर, म्हणजे आठवड्याला दीड शब्द.

दोन्ही रेषा चढत असतील तर काहीही बदलू नका. वाचन चढतंय पण कार्ड अडलंय, तर त्या वागण्यामागचं कारण ओळखण्यात आपली चूक झाली असावी. नोंदींचा पाचवा रकाना पुन्हा वाचा. कार्ड चढतंय पण अभ्यास जिथल्या तिथे, तर मूल गटात नीट बसतंय पण काम त्याच्या पातळीचं नाही. एक पायरी खाली उतरा. अभ्यासाचे आकडे सलग चार वेळा पेन्सिलीच्या रेषेखाली राहिले की बदल करायचाच, पण एका वेळी एकच, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. बैठकीत 'घरचं वातावरणच तसं आहे' या वाक्यावर चर्चा थांबू देऊ नका. ते खरं असू शकतं, पण उद्या सकाळी शाळेत काय करायचं हे त्यातून निघत नाही.

दोन्ही रेषा सपाट असतील तर आधी नजर आणि ऐकणं तपासून घ्या. मागच्या बाकावरून फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि भांडण होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ही नावं हातात तयार असू द्या. त्यानंतर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत मोडते. आलेख आणि नोंदी बरोबर असतील तर तज्ज्ञांचं काम पुष्कळ सोपं होतं. आपण मात्र स्वतःच्या मनानं निदानाचं नाव कागदावर लिहायचं नाही.

मुलाचं वागणं अचानक बदललं, म्हणजे बोलकं मूल गप्प झालं किंवा कुणी जवळ आलं की दचकू लागलं, तर त्यावर कार्ड हा उपाय नव्हे. शांतपणे, एकटं असताना विचारा, ऐकून घ्या, खोदून चौकशी करू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८.

आणि एक गोष्ट अगदी पक्की: मारणं, उठाबशा, वर्गासमोर अपमान यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. तसा कायदा नसता तरी या पद्धतीत ते बसलं नसतं. ज्याची भीती वाटते त्याला मूल पिवळा पुठ्ठा दाखवत नाही.

कार्ड बंद करताना

चार आठवडे ८० टक्के टिकले आणि अभ्यासाचा आकडाही आखलेल्या रेषेवर आहे, तरच सोडवायला घ्या. आधी कार्ड मुलानं स्वतः भरायचं आणि शिक्षकानं दोन तासांपुरतं ताडून बघायचं. मग एक दिवसाआड. मग फक्त शनिवारी. दोन्ही मदती एकाच दिवशी बंद करू नका; गट चालू ठेवून आधी कार्ड सोडा आणि तीन आठवड्यांनी गट.

निकालपत्रकं भरली जातात तेव्हाच प्रत्येक मुलाचा अर्ध्या पानाचा कागद पुढच्या वर्गशिक्षकांसाठी लिहून हजेरीपटाला टाचून ठेवा. त्यावर चारच गोष्टी: आता कुठल्या स्तरावर आहे, कुठल्या प्रकारच्या कामाला उठून जात असे, त्याच्यासाठी काय लागू पडलं, आणि पिवळा पुठ्ठा अजून लागतो का.